कागद, परीक्षा आणि चकटफू सर्टिफिकेट

गेल्या शनिवारी सकाळी साडेआठला मामेभावाचा फोन आला. विकांताला एवढ्या सकाळी कुणी फोन केला की माझं डोकं फिरतं, पण हा बिचारा अगदी रडकुंडीला आला होता. यंदा बी.ई. झालाय, कॅम्पसला काही जमलं नाही आणि गेले चार महिने घरी बसून रोज दहा-पंधरा ठिकाणी अर्ज टाकतोय. "दादा, सतरा सर्टिफिकेटं आहेत माझ्याकडे. सगळी फुकटातली, पण नावाजलेल्या कंपन्यांची आणि विद्यापीठांची आहेत. तरी एक कॉल नाही. काय चुकतंय?" मागून मामीचा आवाज आला, "अठरावं करू का, ते विचार त्याला." हे मामी खवचटपणे म्हणाली की मनापासून, ते अजून कळलेलं नाही.

मी "बायोडेटा पाठव, बघतो" असं गुळमुळीत उत्तर देऊन फोन ठेवला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण आमच्या हापिसात फ्रेशर्सच्या मुलाखती घ्यायला मलाही बसवतात, आणि खरं सांगायचं तर बायोडेट्यातल्या 'सर्टिफिकेशन्स' या मथळ्याखालची यादी मी बहुतेक वेळा वाचतच नाही. नजर सरळ खाली प्रोजेक्ट्सवर जाते. का जाते? मी इतका निष्ठुर कधी झालो?

सॉफ्टवेअरवाल्यांची एक सवय असते. काही बिघडलं की लॉग अगदी पहिल्या ओळीपासून वाचायचा. तर मंडळी, आजचा लेख म्हणजे सर्टिफिकेट नावाच्या गोष्टीचा लॉग आहे. आणि गंमत म्हणजे तो संगणकाच्या कितीतरी आधी सुरू होतो.

सुरुवात लंडनमध्ये करू. लंडन विद्यापीठ १८३६ साली स्थापन झालं, पण त्या विद्यापीठात कुणी शिकवत नसे! शिकवायचं काम युनिव्हर्सिटी कॉलेज, किंग्ज कॉलेज अशा महाविद्यालयांचं. विद्यापीठ फक्त परीक्षा घेणार आणि पदव्या देणार. मग १८५८ साली त्यांना नवी सनद मिळाली आणि त्यांनी एक क्रांतिकारक गोष्ट केली. वैद्यकीय सोडून इतर पदव्यांसाठी कुठल्याही ठराविक कॉलेजात शिकायची अटच काढून टाकली. तुम्ही घरी शिका, रात्री कंदिलाखाली शिका, कारखान्यातून सुटल्यावर शिका, आम्हाला घेणं-देणं नाही. परीक्षेला बसा, पास व्हा, पदवी घ्या. १८६५ पासून तर मॉरिशससारख्या दूरच्या वसाहतीतही या परीक्षेची केंद्रं सुरू झाली. १८७८ मध्ये स्त्रियांनाही पदव्या खुल्या झाल्या. दूरशिक्षणाचा हा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झालं ते याच लंडनच्या साच्यावर. तेही सुरुवातीला परीक्षा घेणारंच विद्यापीठ होतं, शिकवणं एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांत. १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आता विचार करा, त्या पदवीला एवढं वजन कशामुळे होतं? एक कारण म्हणजे शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा. आपल्याच पोराला आपणच पास करायची सोय नव्हती. आणि दुसरं कारण म्हणजे माणसं नापास व्हायची. भरपूर व्हायची. इतकी, की पुढे नावामागे 'बी.ए. (नापास)' लिहिणाऱ्यांचे किस्से आपण ऐकत आलो आहोत. आपण त्यावर हसतो, पण त्यात तथ्य होतं. ज्या परीक्षेपर्यंत पोचणंच कठीण, तिच्यात नापास होणं ही सुद्धा एक माहिती असते.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शिकणं कुठेही होवो, कागदाला किंमत येते ती परीक्षेमुळे.

हाच नमुना पुढे महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यात दिसतो. टायपिंगची परीक्षा! आमच्या आईकडे इंग्रजी ४० आणि मराठी ३० शब्द प्रति मिनिट अशी दोन सर्टिफिकेटं आहेत, अजून लॅमिनेट करून ठेवलेली. शिकायला गल्लीतली टायपिंग इन्स्टिट्यूट, जिथे एका खोलीत वीस यंत्रं एकदम खडखडायची. पण परीक्षा सरकारी, केंद्र वेगळं, समोर पर्यवेक्षक आणि घड्याळ. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत आजही ती अट छापलेली दिसते. त्या कागदावर लोकांचा भरवसा होता, कारण तो फसवणं अवघड. समोर बसवून दहा मिनिटं टाइप करायला सांगितलं की कळतंच!

संगणक आल्यावर मात्र चित्र जरा गुंतागुंतीचं झालं. १९८१ साली एनआयआयटी आणि १९८६ साली अ‍ॅपटेक सुरू झाली आणि शहरा-शहरांत संगणक शिकवणाऱ्या खाजगी संस्था उघडल्या. इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये तेव्हा जागा मोजक्या, आणि मागणी वाढत चाललेली. त्यामुळे बी.एस्सी., बी.कॉम. झालेल्या हजारो मुलामुलींसाठी ती आयटीत शिरायची वाट होती. पण इथे शिकवणारा आणि पास करणारा एकच झाला. मग कागदाची किंमत संस्थेच्या नावावर अवलंबून राहिली. मोठ्या नावाला वजन, आणि कोपऱ्यावरच्या 'कॉम्प्युटर अकॅडमी'च्या डिप्लोम्याला फक्त फ्रेम.

ही अडचण सरकारच्याही लक्षात आली असावी. १९९० साली डोएकची योजना आली, ओ, ए, बी आणि सी अशा चार पातळ्यांची. शिका मान्यताप्राप्त खाजगी संस्थेत किंवा स्वतःचं स्वतः, परीक्षा मात्र सगळ्या देशात एकच. म्हणजे पुन्हा लंडनचा १८५८ चा फॉर्म्युला! त्या परीक्षा कठीण म्हणून प्रसिद्ध होत्या. माझ्या पिढीला हे नाव फारसं माहीत नाही, पण चाळिशी-पन्नाशीतल्या कित्येक सीनिअर मंडळींची सुरुवात 'ओ लेव्हल'पासून झालेली आहे.

आणि २००१ मध्ये आपल्याकडे एमकेसीएलचं एमएस-सीआयटी आलं. त्याचा उद्देश वेगळा होता, सगळ्यांना संगणक साक्षर करणं. गावोगावी लाखो लोकांनी तो कोर्स केला, सरकारी कर्मचाऱ्यांना तो आवश्यक झाला. त्यातून एक धडा मिळतो. जो कागद सगळ्यांकडे असतो तो नसल्यामुळे अडतं, पण असल्यामुळे कुणी उठून दिसत नाही. रेशनकार्डासारखं. असो.

आता मोठ्या कंपन्यांच्या सर्टिफिकेशनकडे येऊ, कारण आजच्या फुकट सर्टिफिकेटांचे ते थेट पूर्वज.

१९८० च्या दशकाच्या शेवटी नोवेल कंपनीचं नेटवेअर कचेऱ्या-कचेऱ्यांत पोचलं होतं. नेटवर्क बसवले गेले, पण ते सांभाळणारी माणसं मिळेनात. तेव्हा नोवेलने सर्टिफाइड नेटवेअर इंजिनिअर म्हणजे सीएनई सुरू केलं. यात परोपकार वगैरे काही नव्हता. आपलं उत्पादन चालवणारे जितके लोक बाजारात, तितकं ते विकायला सोपं. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणि सिस्कोने १९९३ मध्ये हाच रस्ता धरला. या परीक्षा पैसे भरून तिसऱ्याच कंपनीच्या केंद्रात जाऊन द्यायच्या, ओळखपत्र दाखवून, कॅमेऱ्याखाली बसून.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसई या कागदाला सोन्याचा भाव आला. आणि भाव आला की भेसळ येणारच! परीक्षा बहुतेक बहुपर्यायी प्रश्नांच्या होत्या. देऊन आलेली मंडळी प्रश्न पाठ करून बाहेर सांगू लागली, त्याचे संच विकले जाऊ लागले. यालाच पुढे ब्रेनडंप म्हणायला लागले. मग असे इंजिनिअर बाजारात आले की ज्यांनी सर्व्हर कधी उघडून पाहिलेला नव्हता, पण सहाच्या सहा पेपर पास होते. यांना उद्योगात नाव पडलं 'पेपर एमसीएसई'. थोडक्यात, कागदी वाघ. मेहनत करून तोच कागद मिळवलेल्यांचं त्यात जे नुकसान झालं ते वेगळंच, कारण वरून दोघांचे कागद हुबेहूब सारखे.

त्याच काळात सिस्कोच्या सीसीआयई या कागदाला मात्र कुणी कागदी म्हटलं नाही. कारण त्याची परीक्षा प्रयोगशाळेत, खऱ्या राउटर्सवर, दोन दिवस चालायची. आधी नेटवर्क उभारा. मग परीक्षक तुमचं उभारलेलं नेटवर्क मुद्दाम बिघडवणार आणि ते तुम्ही शोधून दुरुस्त करायचं! (२००१ पासून ती एका दिवसाची झाली.) पास होणाऱ्याला क्रमांक मिळतो आणि ते क्रमांक १०२५ पासून सुरू होतात. १०२४ हा क्रमांक खुद्द प्रयोगशाळेलाच दिलेला आहे. आमच्या जमातीचा विनोद असाच असायचा. रेड हॅटने १९९९ मध्ये आरएचसीई आणलं तेही असंच, यंत्रासमोर बसून काम करून दाखवा. घोकंपट्टीचा उपयोग मर्यादित.

म्हणजे एकाच काळात, एकाच बाजारात, दोन कागद. एकाचा भाव पडला, दुसऱ्याचा टिकला. फरक अभ्यासक्रमात नव्हता, परीक्षेत होता.

यामागचं अर्थशास्त्र मायकेल स्पेन्स यांनी १९७३ सालीच मांडून ठेवलं होतं (२००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना अ‍ॅकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत मिळालं). सोप्या भाषेत सांगायचं तर असं. नोकरी देणाऱ्याला समोरचा उमेदवार किती चांगला आहे ते आधी कळत नाही. तो काहीतरी खूण शोधतो. शिक्षण ही अशी खूण ठरू शकते, पण एका अटीवर. ती खूण मिळवणं चांगल्या उमेदवाराला तुलनेनं सोपं आणि कच्च्या उमेदवाराला जड गेलं पाहिजे. दोघांनाही सारखंच सोपं असेल तर दोघंही ती मिळवतील आणि खुणेचा अर्थच संपेल. इथे 'जड' म्हणजे पैशानेच जड असं नव्हे. वेळ, कष्ट, नापास व्हायची भीती, काहीही चालेल. हे वाचल्यावर मामेभावाच्या सतरा सर्टिफिकेटांचं कोडं निम्मं सुटलं.

उरलेल्या निम्म्यासाठी 'चकटफू' भागाकडे जायला हवं.

एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने जाहीर केलं की आम्ही आमच्या अभ्यासक्रमांचं साहित्य महाजालावर फुकट ठेवणार. ओपनकोर्सवेअर. पुढच्या वर्षी त्यातले पहिले ५० अभ्यासक्रम आले. यात एक गोष्ट स्पष्ट होती, सर्टिफिकेट वगैरे काही मिळणार नाही. ज्ञान घ्या, नाव घेऊ नका. आपल्याकडे २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी यांनी एनपीटीईएल सुरू केलं, तेही सुरुवातीला असंच, नुसती व्याख्यानं.

कागद आला तो २०११ मध्ये. स्टॅनफर्डमध्ये सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग सगळ्या जगाला खुला केला. १,६०,००० च्या आसपास लोकांनी नाव नोंदवलं, सुमारे २३,००० लोकांनी तो पूर्ण केला. त्यांना एक पीडीएफ मिळाली, 'स्टेटमेंट ऑफ अकम्प्लिशमेंट'. त्यावर दोन्ही प्राध्यापकांच्या सह्या, पण स्टॅनफर्डचं क्रेडिट नाही. २०१२ मध्ये तर धुमाकूळच झाला. युडॅसिटी आली, कोर्सेरा आली, मे महिन्यात एमआयटी आणि हार्वर्डने प्रत्येकी ३ कोटी डॉलर घालून एडएक्स काढली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्या वर्षाला मूकचं वर्ष म्हटलं. (मूक म्हणजे मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स, मुका नव्हे.)

एमआयटीचा पहिला असा कोर्स होता सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. आमच्यासारख्यांना सेकंड इयरला घाम फोडणारा विषय. १,५४,७६३ जणांनी नोंदणी केली आणि पास झाले ७,१५७. म्हणजे शंभरातले पाचसुद्धा नाहीत. त्यांत मंगोलियातल्या उलानबातरचा पंधरा वर्षांचा बट्टुशिग म्यांगनबायर होता. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे सगळ्या जगात सुमारे ३४०, त्यांतला हा एक. पुढे त्याला एमआयटीत प्रवेश मिळाला. तो कागद चकटफू होता आणि तरी त्याला वजन होतं! कशामुळे? कोर्स खरोखर कठीण होता आणि बहुतेक सगळे वाटेत गळले म्हणून. फुकट असणं ही अडचण नव्हतीच.

पण लगेच दोन गोष्टी समोर आल्या.

पहिली, हे कोर्स करतंय कोण? २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कोर्सेरावरच्या आपल्या जवळपास ३५,००० विद्यार्थ्यांना विचारलं. त्यातले ८३ टक्के लोक आधीच पदवी-पदविका घेतलेले निघाले. भारत, ब्राझील, चीनसारख्या देशांत तर बहुतेक विद्यार्थी समाजातल्या वरच्या, सगळ्यात शिकलेल्या मूठभर थरातले. म्हणजे ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांच्यासाठी उघडलेल्या दारातून आधीच फाइल भरलेले लोक आत शिरले. त्यांच्यासाठी हा आणखी एक कागद, बस.

दुसरी, परीक्षा देतंय कोण? घरी बसून, स्वतःच्या संगणकावर दिलेली परीक्षा माझी की माझ्या मित्राची, हे कोण सांगणार? जानेवारी २०१३ मध्ये कोर्सेराने यावर 'सिग्नेचर ट्रॅक' काढला. साधारण ३० ते १०० डॉलर भरा, वेबकॅमवर ओळखपत्र दाखवा, आणि तुमची टायपिंगची लय आम्ही ओळखून ठेवतो. हे वाचून मला हसू आलं. आईच्या वेळी टायपिंगचा वेग मोजायचे, आता टायपिंगची लकब मोजायला लागले!

पण गंमत बाजूला ठेवली तर इथेच सगळं गणित बदललं. शिकवणं फुकट वाटता येतं, कारण व्हिडिओ एकदा काढला की दहा जणांनी पाहिला काय आणि दहा लाखांनी पाहिला काय, खर्च फारसा वाढत नाही. पण नीट परीक्षा घेणं, ओळख पडताळणं, माणसाने पेपर तपासणं, याचा खर्च प्रत्येक डोक्यामागे वाढतो. म्हणून जिथे पैसे लावायचे तिथेच लागले. युडॅसिटीने मे २०१४ पासून ओळख न पडताळलेली फुकट सर्टिफिकेटं बंद केली, कागदाची विश्वासार्हता टिकवायची आहे असं सांगून. एडएक्सची फुकट सर्टिफिकेटं २०१५ च्या अखेरीस संपली. शिकणं फुकट राहिलं, कागद विकत झाला. यात धंदा होताच, तो नाकारायचं कारण नाही. पण नुसता धंदाच होता असंही नाही.

एनपीटीईएलने हेच आपल्या पद्धतीने सोडवलं. २०१३-१४ पासून कोर्स फुकट, पण सर्टिफिकेट हवं तर साधारण हजार रुपये भरून केंद्रात जाऊन परीक्षा द्यायची. मी कॉलेजात असताना एक दिली होती. साप्ताहिक असाइनमेंटला २५ गुण, केंद्रातल्या परीक्षेला ७५, आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. असाइनमेंटची उत्तरं हॉस्टेलवर कशी फिरायची ते सांगायला नको. त्यामुळे रविवारी सकाळी केंद्रातल्या त्या खुर्चीवर बसल्यावर पोटात गोळा आलेला मला अजून आठवतो. त्या कागदाची जी काही किंमत आहे ती त्या गोळ्याची आहे.

तर मग प्रश्न उरतो, पूर्णपणे चकटफू कागदाला काहीच किंमत नाही का?

आहे, आणि मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण फिनलंडचं. हेलसिंकी विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाने २०१२ मध्ये प्रोग्रॅमिंगचा एक फुकट ऑनलाइन कोर्स काढला आणि तो चक्क प्रवेशाचा मार्ग म्हणून वापरला. कोर्सभर आठवड्याला ढीगभर प्रोग्रॅम लिहा, जे टिकतील त्यांना विद्यापीठात बोलावून मुलाखत आणि समोर बसून प्रोग्रॅमिंग. म्हणजे काही तासांच्या प्रवेश परीक्षेऐवजी अख्ख्या सत्राची प्रवेश परीक्षा. एक पैसाही घेतला नाही आणि कागदाला वजन आलं, कारण शेवटी कुणीतरी समोर बसवून पाहत होतं.

हार्वर्डच्या सीएस५० या कोर्सचं साधं सर्टिफिकेट फुकट मिळतं, पण त्यासाठी दर आठवड्याचे प्रोग्रॅम लिहावे लागतात आणि शेवटी स्वतःचा प्रोजेक्ट करावा लागतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या फ्रीकोडकॅम्पची सर्टिफिकेटंही फुकट, पण तिथे प्रोजेक्ट बांधून दाखवायला लागतात. इथे ओळख कुणी पडताळत नाही हे खरं. पण हातात कोड उरतो, आणि त्या कोडबद्दल मुलाखतीत दोन प्रश्न विचारले की ओळख पडताळली जाते.

दुसऱ्या टोकाला दोन तासांचा व्हिडिओ, दहा प्रश्नांची चाचणी, चुकलात तर पुन्हा द्या, पुन्हा चुकलात तर पुन्हा द्या, आणि मग सोनेरी किनारीचा 'बॅज'. त्यात कुणी नापास होऊच शकत नाही. स्पेन्ससाहेबांच्या हिशोबाने ही खूणच नव्हे. अशा कागदांपैकी पुष्कळसे कंपन्यांचे असतात आणि त्यामागचा हेतू तोच जुना, नोवेलचा. आपलं उत्पादन माहीत असलेले लोक बाजारात वाढावेत. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला परीक्षा समजू नये.

आणि आता इतिहासातली अगदी अलीकडची नोंद. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या सुझन अ‍ॅथी आणि एमिल पालिकोट यांनी कोर्सेरावरच्या आठ लाखांहून अधिक लोकांवर एक प्रयोग मांडला. यात मुद्दाम विकसनशील देशांतले किंवा पदवी नसलेले लोक घेतले होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले आणि एका गटाला कमावलेलं सर्टिफिकेट लिंक्डइनवर लावायला उत्तेजन दिलं. वर्षभरात त्या गटातल्या लोकांना नवी नोकरी मिळाल्याचं प्रमाण ६ टक्क्यांनी जास्त निघालं. (६ टक्के म्हणजे शंभरात सहा जण जास्त असं नव्हे, आधीच्या प्रमाणाच्या ६ टक्के.) आणि ज्यांची नोकरी मिळण्याची शक्यता मुळात कमी होती, त्यांना फायदा जास्त झाला.

हा आकडा मला फार प्रामाणिक वाटतो. चमत्कार नाही, आणि शून्यही नाही. ज्याच्याकडे दाखवायला दुसरं काही नाही त्याला कागद थोडा हात देतो. १८५८ सालच्या, कॉलेजात पाऊलही न ठेवता लंडनच्या परीक्षेला बसणाऱ्या माणसासारखाच. ज्याच्याकडे बी.ई.ची पदवी आधीच आहे, त्याला अठरावा कागद फारसा काही देत नाही.

रविवारी मी मामेभावाचा बायोडेटा उघडला. सतरापैकी तेरा ते सोनेरी किनारवाले. दोन कॉलेजातल्या कार्यशाळांचे, हजेरीचे. एक एनपीटीईएलचं, केंद्रात जाऊन दिलेलं, ७८ गुणांचं. आणि चौदाव्या ओळीवर, मधेच कुठेतरी, सीएस५०! मी फोन लावला. "हे पूर्ण केलंयस? खरंच?" "हो दादा, सहा महिने लागले. फायनल प्रोजेक्टला बाबांच्या दूध संकलन केंद्राचा हिशोब केलाय. फॅट लावून दर काढतो, दहा दिवसांचं बिल काढतो." "मग तो लिहिला का नाहीस?" "त्यात काय लिहायचं? साधाच आहे."

मग वीस मिनिटं तो त्या साध्या प्रोग्रॅमबद्दल बोलत होता. सकाळचं आणि संध्याकाळचं दूध वेगळं कसं धरलं, वीज गेल्यावर अर्धवट नोंदी कशा सांभाळल्या, मामा अजूनही वहीत लिहून मग पडताळतो कसा, सगळं. सतरा सर्टिफिकेटांनी जे चार महिन्यांत सांगितलं नाही ते त्या वीस मिनिटांत कळलं, की या पोराला काम येतं.

आम्ही पंधरा ओळी उडवल्या. दोन ठेवल्या. वर दूध केंद्राचा प्रोग्रॅम आला, कोडच्या दुव्यासकट. उडवताना त्याला वाईट वाटलं, साहजिक आहे. त्या प्रत्येक कागदामागे एकेक रात्र होती आणि त्या रात्री तो शिकलाच होता, ते कुणी काढून घेतलेलं नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की यापुढे कोर्स करताना तीन प्रश्न विचार. यात कुणी नापास होतं का? परीक्षा देणारा मीच आहे हे कुणी पाहतं का? आणि संपल्यावर माझ्या हातात दाखवण्यासारखं काय उरतं? तिन्हींची उत्तरं 'नाही' असली तर शिकण्यासाठी खुशाल कर, बायोडेट्यासाठी नको.

याने त्याला नोकरी लागेल याची हमी मी देऊ शकत नाही. फ्रेशर्सची भरती आटली आहे, ते त्याच्या हातात नाही आणि माझ्याही नाही. पण निदान समोरचा माणूस त्या पानावर दहा सेकंद जास्त थांबेल. आणि समोरचा माणूस म्हणजे कधीकधी मीच असतो, त्यामुळे 'सर्टिफिकेशन्स'ची यादी न वाचता पुढे जायची सवय मलाही सोडायला हवी. न जाणो, कुणाच्या चौदाव्या ओळीवर काय असेल!

असो. फार लांबलं. उद्या सोमवार, आणि सकाळी नऊला मीटिंग आहे.